अण्णांच्या चरित्र-पुस्तिकेचे काम : प्रकल्प नोंदी

१५ जून २०२५

अण्णा, म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, यांच्या जन्माला पुढच्या वर्षी शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्ताने घरातल्या सर्वांसाठी एक छोटी पुस्तिका काढावी असे मोठ्या आत्याकडे झालेल्या बैठकीत ठरले आणि संकलनाचे काम माझ्याकडे आले. २००४ साली अण्णा गेले तेव्हा वर्तमानपत्रात दिलेल्या निधनवार्तेचे कात्रण बाबांनी जपून ठेवले आहे. त्यात ‘कष्टाळू, मनमिळाऊ आणि कुटुंबवत्सल’ अशी तीन विशेषणे आहेत, आणि त्याच रकान्यात त्या दिवशी ज्यांच्या वार्ता आल्या त्यांपैकी आणखी दोघांनाही तीच लावलेली आहेत. म्हणून या कामापुरता मी एक नियम घालून घेतला आहे : पुस्तिकेत कोणतेही विशेषण पुराव्याशिवाय येणार नाही. कागद, छायाचित्र, वस्तू किंवा ज्याने प्रत्यक्ष पाहिले त्याचे ध्वनिमुद्रित कथन, एवढ्यालाच पुरावा मानायचे.

काकांना हा नियम कोरडा वाटला. “अण्णांना ओळखायला पुरावे कशाला लागतात गं?” असे ते म्हणाले. ज्यांनी अण्णांना पाहिले त्यांना ते लागणार नाहीत हे खरे. परंतु पुस्तिका मुख्यतः ज्यांनी त्यांना पाहिलेले नाही त्यांच्यासाठी आहे.

२२ जून २०२५

बाबांच्या माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडून यादी केली. शनिवार पेठेतल्या सायकल दुकानाच्या रोजकिर्दी, भाड्याने दिलेल्या सायकलींच्या वह्या, दुकान परवान्याचे कागद, मनीऑर्डरच्या पावत्यांचा दोऱ्यात ओवलेला गठ्ठा, शिधापत्रिका, थोडी छायाचित्रे आणि सायकलींवर लावायचे नगरपालिकेचे जुने बिल्ले असा ऐवज आहे. ज्या काळात पुण्यात प्रत्येक सायकलीला कर भरून बिल्ला घ्यावा लागे, रात्री दिवा नसला किंवा कोणी डबलसीट बसले तर पोलीस अडवत, त्या काळाची ही खूण आता घरातल्या मुलांना नाण्यांसारखी वाटते.

वह्यांना काही ठिकाणी कसर लागली आहे. कागद हाताळताना हातमोजे घालण्यापेक्षा स्वच्छ धुतलेले कोरडे हात बरे, कारण मोज्यांमुळे पानाच्या कडेचा अंदाज येत नाही आणि जीर्ण कागद फाटतो. वह्या ३०० डीपीआयवर आणि छायाचित्रे ६०० डीपीआयवर स्कॅन करण्याचे ठरवले.

२९ जून २०२५

सर्वांत जुनी वही १९५६ ते १९५८ या काळातली आहे. बाकीच्या जुन्या वह्या १९६१ च्या पानशेतच्या पुरात गेल्या. ही एकच वाचली, कारण भरलेली वही अण्णा भोरच्या घरी नेऊन ठेवत आणि ही त्या आधीच गेली होती. हिच्यात रक्कम लिहिण्याची जुनी पद्धत आहे, ज्यात उभ्या दंडाने पावली आणि आडव्या रेघेने आणा दाखवला जाई. मला ती वाचता येत नव्हती. बाबांनी तासाभरात शिकवली.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. तो दिवस वहीत स्पष्ट दिसतो, कारण त्या तारखेपासून दंड आणि रेघा संपतात. सायकलचे भाडे तासाला दोन आणे होते. दोन आण्यांचे नेमके साडेबारा नवे पैसे होतात, आणि सरकारी कोष्टकात त्यांचे बारा धरलेले होते. अण्णांनीही पहिल्या दिवसापासून बाराच लिहिले आहेत. शेजारच्या दुकानदारांनी तेरा घेतले असे बाबा सांगतात, परंतु त्याला पुरावा नसल्यामुळे ते पुस्तिकेत जाणार नाही.

याच वहीत दर महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास ‘गावी म.ऑ.’, म्हणजे मनीऑर्डर, अशी नोंद आहे. दुकानाचा महिना बरा गेला असो वा वाईट, ही रक्कम कमी झालेली नाही. पावसाळ्यात भाड्याचे उत्पन्न निम्म्यावर येई, तेव्हा घरखर्चाचा आकडा खाली जातो आणि गावचा तेवढाच राहतो. याला कुटुंबवत्सलता म्हणायचे की आजीवर टाकलेला भार, हे मी आज ठरवत नाही.

१२ जुलै २०२५

तारीख पाहून आज आजीचे कथन घेतले. आजी एक्याण्णव वर्षांची आहे, ऐकू कमी येते, पण १२ जुलै १९६१ चा बुधवार तिला क्रमाने आठवतो. आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण अजून पुरते बांधून झाले नव्हते. ते सकाळी फुटले आणि त्या लोंढ्याने त्याच दिवशी खालचे खडकवासल्याचे धरणही गेले. नदीकाठच्या पेठांमधून पाणी चढत गेले, लकडी पूल पाण्याखाली गेला. आजी तिन्ही मुलांना घेऊन वरच्या अंगाला सदाशिव पेठेतल्या नातेवाइकांकडे पोहोचली. काका तेव्हा कडेवर होते, आणि धाकट्या आत्याचा जन्म व्हायचा होता. अण्णा दुकानात होते. सायकली ओढून वरच्या गल्लीत न्यायला त्यांनी सुरुवात केली आणि पाणी कमरेला लागल्यावर त्या सोडून दिल्या, असे त्यांनी तिला नंतर सांगितले.

वाड्याची नदीकडची भिंत पडली. खडकवासल्याचा साठाच गेल्यामुळे शहराला नळाचे पाणी मिळेना आणि जुन्या वाड्यांमधल्या विहिरी व हौद पुन्हा वापरात आले. आजीने त्या दिवसांत पाण्याच्या घागरी किती लांबून आणल्या हे ती अजून रागाने सांगते. तिच्या रागाचा रोख धरणावर नसून घरातल्या एका जावेवर आहे, पण तो भाग ध्वनिमुद्रणातून वगळण्याचे तिनेच बजावले.

पुरानंतरच्या नव्या रोजकिर्दीच्या पहिल्या पानावर ‘श्री’च्या खाली खर्चाच्या बाजूला पक्कड, पान्हे, पंप, हातोडी, रॉकेल, ग्रीस आणि छरे एवढीच खरेदी आहे. त्यानंतरची सहा-सात पाने मात्र ओव्हरहॉलिंगने भरून गेली आहेत. शहरातल्या हजारो सायकली चिखलात बुडाल्या होत्या. हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, गाळ बसला की छरे, कोन आणि वाटी तिन्ही खराब होतात, म्हणून सायकल पूर्ण खोलून, प्रत्येक भाग रॉकेलमध्ये धुऊन पुन्हा बांधावी लागे. या पानांवर बऱ्याच नावांपुढे ‘बाकी’ लिहिले आहे आणि पुढे ती बाकी वसूल झाल्याची नोंद नाही. नुसती आडवी रेघ ओढलेली आहे. ‘माफ’ असा शब्द अण्णांनी कुठेही लिहिलेला नाही, त्यामुळे मीही तो लिहिणार नाही.

जमेच्या बाजूला त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर ‘घरून जमा’ असा खाते-मथळा सुरू होतो आणि दर महिन्याला ठरावीक रक्कम येत राहते. याचा अर्थ लागलेला नाही.

३ ऑगस्ट २०२५

भाड्याच्या सायकलींच्या १९६३ ते १९६८ या काळातल्या वह्या संगणकावरील तक्त्यात भरून पूर्ण झाल्या. वहीत सायकलचा क्रमांक, गिऱ्हाईकाचे नाव, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ आणि रक्कम असे पाच रकाने आहेत. गिऱ्हाइकांची नावे पुस्तिकेत घेणार नाही.

या तक्त्यातून जे दिसले ते सविस्तर नोंदवते, कारण त्याची मला अपेक्षा नव्हती. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याची पुण्याची जगप्रसिद्ध रीत अण्णांनी कधीच पाळली नाही, सकाळी सातला उघडलेले दुकान रात्री नऊलाच बंद होई, ही आमच्या घरातली सर्वांत आवडती गोष्ट आहे आणि अण्णांच्या कष्टाळूपणाचा दाखला म्हणून ती प्रत्येक लग्नकार्यात सांगितली जाते. नेल्याच्या वेळेनुसार ओळी लावल्या तेव्हा सुरुवातीच्या वर्षांत साडेबारा ते अडीच या दोन तासांत सायकल दिल्याच्या नोंदी नाहीतच म्हटले तरी चालेल. सकाळी आठ-नऊ आणि संध्याकाळी पाच-सहा या वेळा गच्च आहेत, दुपारी तीनलाही वर्दळ आहे, मधले दोन तास मात्र रिकामे आहेत. दुपारी कोणालाच सायकल लागत नसेल असे प्रथम वाटले. परंतु रविवारी, दिवाळीच्या सुटीत आणि मे महिन्यात याच वेळेत सायकली सर्रास गेलेल्या आहेत. म्हणजे ज्या दिवशी शाळा असे त्याच दिवशी दुकान दुपारी बंद राही.

आजीला विचारले. पुरानंतर कर्ज फेडण्यासाठी ती नारायण पेठेतल्या एका घरी स्वयंपाकाला जाऊ लागली होती, अकरा ते तीन. मुलांची शाळा सकाळची, ती बाराच्या सुमारास सुटे. अण्णा दुकानाला कुलूप लावून घरी येत, सकाळी करून ठेवलेले अन्न गरम करून मुलांना वाढत, ताटे घासत, मोठ्या आत्याची सुटलेली वेणी घालत आणि अडीचला परत जात. पूरग्रस्तांना गोखलेनगरच्या नव्या वसाहतीत जागा मिळत होत्या, तरी ती न घेता अण्णांनी पेठेतच दोन अंधाऱ्या खोल्या भाड्याने का घेतल्या, याचेही उत्तर आजीने याच ओघात दिले : तिथून दुपारी घरी येणे जमले नसते.

संध्याकाळी बाबांना फोन केला. “हे तुम्ही कधी सांगितलं कसं नाही?” असे विचारल्यावर ते म्हणाले, “सांगायचं काय त्यात? मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील दुपारी घरी असतात.”

‘घरून जमा’ म्हणजे आजीचा पगार, हेही आज कळले. तो घरखर्चात न जाता दुकानाच्या भांडवलात जात होता.

७ सप्टेंबर २०२५

गणेशोत्सवात पेठेत जाणे शक्य नव्हते, त्यामुळे काम झाले नाही. फक्त छायाचित्रांच्या मागच्या तारखा उतरवल्या.

१ ऑक्टोबर २०२५

आज खंडेनवमी. अण्णांची हत्यारे काकांकडे आहेत आणि दुकान जाऊन इतकी वर्षे झाली तरी काका आजच्या दिवशी ती पुसून, हळदकुंकू लावून पाटावर मांडतात. पूजेपूर्वी सर्वांची छायाचित्रे घेतली : ट्यूब घासायची कानस, टायर उतरवण्याच्या पट्ट्या, वेगवेगळ्या मापांचे पान्हे, निपल आवळायची चावी आणि ज्याची मूठ झिजून बोटांच्या खाचा पडल्या आहेत तो हातपंप.

दुकानात वीस वर्षे काम केलेले कारागीर मुद्दाम आले होते. त्यांचे कथन पाऊण तासाचे झाले आणि आतापर्यंतच्या ध्वनिमुद्रणांमध्ये मला तेच सर्वांत उपयोगी वाटते, कारण त्यांनी अण्णांची स्तुती न करता अण्णांचे काम सांगितले. त्या काळच्या साध्या सायकलीला पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० तारा असत, कारण स्वाराचा आणि कॅरिअरवरच्या ओझ्याचा भार मागे पडतो. चाक वाकडे फिरू लागले की त्याचा आऊट काढायचा. चाक फिरवत फोर्कजवळ खडू धरला की जिथे रिम एका बाजूला येते तिथे खूण उमटते. त्या जागी एका बाजूच्या तारेचे निपल आवळायचे आणि समोरच्या बाजूचे तेवढेच ढिले करायचे, पाव फेऱ्यापेक्षा जास्त कधीही नाही. घाई केली तर एक बाजू सुटते आणि दुसरीकडे नवा आऊट येतो. अण्णा खडू वापरत नसत, अंगठ्याचे नख धरत. नवा मुलगा कामाला आला की पहिले तीन महिने त्याला फक्त पंक्चर आणि हवा, चौथ्या महिन्यात चाक. चाक बिघडवल्यास अण्णा रागावत आणि तो राग साधा नसे. या कारागिरांच्या अंगावर एकदा पान्हा भिरकावला होता, तो लागला नाही. तेही ध्वनिमुद्रणात आहे.

१६ नोव्हेंबर २०२५

दिवाळीनंतर मोठ्या आत्याचे कथन घेतले. ती १९५३ ची, भावंडांत थोरली. अण्णांविषयी बोलायला सांगितल्यावर तिने प्रथम सातवीचा विषय काढला. १९६६ च्या उन्हाळ्यात सातवीचा निकाल लागला, ती वर्गात तिसरी आली होती, आणि जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिचे नाव घातले गेले नाही. धाकटी आत्या तेव्हा तीन वर्षांची होती, आजीचे काम चालू होते, घरात कोणीतरी हवे होते.

मी घरी येऊन भाडेवहीचा तक्ता पुन्हा उघडला. दुपारची रिकामी जागा जून १९६६ मध्ये भरून जाते. त्या महिन्यापासून शाळेच्या दिवशीही साडेबारा ते अडीच सायकली जात आहेत आणि महिन्याचे भाडे स्पष्ट वाढलेले आहे. काकांना आठवते ते यानंतरचे, त्यामुळे दुकान दुपारी बंद असल्याचे त्यांना आठवतच नाही आणि त्यांची आठवणही खोटी नाही. मात्र ते दुकान दुपारी उघडे राहू लागले ते आत्या घरी बसल्यामुळे.

रोजकिर्दीत पुढच्याच वर्षापासून ‘शिवण क्लास’ अशी मासिक फी आहे आणि १९६९ मध्ये शिवणयंत्राचे हप्ते सुरू होतात. दुकानासाठी व्हल्कनायझिंगचे, म्हणजे रबर तापवून जोडण्याचे, यंत्र घेण्याचे अण्णांच्या मनात होते असे कारागीर म्हणाले होते. ते यंत्र हप्ते संपल्यावर, दोन वर्षांनी आले. आत्याने लग्नानंतर याच शिवणयंत्रावर स्वतःचा संसार उभा केला. हे पान तिला फोनवर वाचून दाखवले. ती म्हणाली, “मशीन दिलं, शाळा नाही दिली. दोन्ही लिही.”

७ डिसेंबर २०२५

आत्याच्या शाळेचा मजकूर वगळावा असे काकांनी कळवले आहे. शंभराव्या वर्षी माणसाचे उणे काढू नये, त्या काळी सगळ्याच घरांत असे होत होते, हे त्यांचे म्हणणे आहे. दुसरी गोष्ट खरी आहे. परंतु ‘सगळ्याच घरांत’ जे झाले ते आमच्या घरात कोणत्या महिन्यात, कोणासाठी आणि कशाच्या बदल्यात झाले हे ज्या थोड्या घरांना कागदावर दाखवता येईल त्यांत आम्ही आहोत, आणि ते दडवून अण्णांच्या कष्टांची पाने छापणे मला शक्य नाही. शिवाय ती गोष्ट आत्याची आहे. वगळायची की नाही हे तिने ठरवायचे. बाबा माझ्या बाजूने आहेत, आजी कोणाच्याच नाही.

४ जानेवारी २०२६

जन्मतारखेचा प्रश्न. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून १९२६ आहे. त्या पिढीतल्या असंख्य लोकांचा जन्म १ जूनचा असतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तर तीच तारीख टाकत. अण्णांची आई ‘श्रावणातला’ म्हणत असे, एवढेच आजीला माहीत आहे. तशातच यंदा ज्येष्ठ अधिक आहे आणि १ जून अधिक महिन्यात येतो, त्यामुळे त्या दिवशी समारंभाला मोठ्या आत्याचा विरोध आहे. प्रकाशन श्रावणात करावे यावर सर्वांचे एकमत झाले. पुस्तिकेत दोन्ही गोष्टी दिल्या आहेत.

१८ जानेवारी २०२६

धंदा उतरत गेल्याचा भाग लिहून झाला. १९७२ मध्ये लूना ही मोपेड बाजारात आली, आकुर्डीच्या बजाज स्कूटर आधीपासून होत्याच. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत भाड्याच्या सायकलींचे रकाने विरळ होत जातात. अण्णांनी स्कूटरदुरुस्ती शिकावी असा आग्रह बाबांनी धरला होता. अण्णांनी ऐकले नाही, आणि याचे कारण तत्त्व वगैरे नसून पेट्रोलच्या वासाने त्यांचे डोके दुखे एवढेच होते.

याच काळातले एक पान छायाचित्रासह घेत आहे. १९७९ मध्ये धाकटी आत्या कॉलेजात जाऊ लागली तेव्हा अण्णांनी एक जुनी लेडीज फ्रेम घेतली, नव्या रिमा, जुने हब, दुसरीकडची चेन आणि स्वतः कापून बसवलेले चेनकव्हर असे करत तिच्यासाठी सायकल बांधली. रोजकिर्दीत या सायकलचा प्रत्येक भाग किमतीसह लिहिलेला आहे आणि शेवटी मजुरीच्या रकान्यात शून्य आहे. ती सायकल आजही धाकट्या आत्याच्या जिन्याखाली आहे. मागचे चाक फिरवून पाहिले, थोडा आऊट आला आहे.

२२ फेब्रुवारी २०२६

मसुदा आजीला वाचून दाखवला. दोन बैठका लागल्या, कारण तिला मध्ये मध्ये झोप येते. तिने तीन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या, त्यांपैकी दोन पाहुण्यांच्या नात्यांविषयी होत्या. तिसरी अशी की ‘आजींनी हातभार लावला’ हे वाक्य तिला मान्य नाही. “हातभार कसला? पगार होता माझा. किती होता ते लिही,” असे तिने सांगितले. १९६१ च्या दिवाळीपासून १९६८ पर्यंतच्या ‘घरून जमा’च्या सर्व नोंदी म्हणून वेगळ्या पानावर वर्षवार दिल्या आहेत आणि पुरानंतरची हत्यारे ज्या उधारीवर आली ती कोणत्या महिन्यात फिटली हेही त्याच पानावर दाखवले आहे. पुस्तिकेच्या शीर्षकात अण्णांबरोबर आजीचेही नाव असावे असा प्रस्ताव मी सर्वांना पाठवला आहे.

१ मार्च २०२६

शीर्षकाला सर्वांचा होकार आला. शाळेचा मजकूर ठेवायचा असे मोठ्या आत्याने कळवले. काकांनी तो वगळण्याचा आग्रह सोडला आहे, मात्र त्यांनी स्वतःच्या आठवणींची चार पाने वेगळी लिहून पाठवली आहेत आणि ती त्यांच्या नावाने, एकही शब्द न बदलता छापायची आहेत. त्यांत विशेषणे भरपूर आहेत. ती साक्षीदाराची आहेत, त्यामुळे नियमात बसतात.

पाने वाढल्यामुळे छापखान्याचा आधीचा दर लागू राहत नाही. नवा दर सोमवारी मिळेल. मूळ वह्या ट्रंकेत परत न ठेवता आम्लरहित कागदात गुंडाळून बाबांच्या कपाटात ठेवल्या आहेत, स्कॅनची एक प्रत काकांकडे आणि एक धाकट्या आत्याकडे दिली आहे. मनीऑर्डरच्या पावत्यांची सूची करणे बाकी आहे.